पावणेदोन तासांचं विमान

चेन्नईला निघालो की घरचे विचारतात, ‘किती वेळ लागतो रे?’ मी तिकिटावरचा आकडा सांगतो, पावणेदोन तास. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून चेन्नईच्या मीनंबाक्कमपर्यंत हवाई अंतर साधारण 910 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने ते सव्वा तासाच्या आत संपायला हवं. पण धावपट्टीकडची रांग, चढणं, उतरणं, वळसे हे सगळं कंपन्या वेळापत्रकात आधीच धरतात. त्यात लोहगाव हवाई दलाचा तळ. सुखोईंचा सराव चालू असला की आपण मुकाट बसायचं.

खरी गोम पुढेच. मला चेन्नईला जायचंच नसतं. गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या आम्हा लोकांचं काम श्रीपेरुंबुदूरला, तिथल्या सिपकॉटमध्ये, म्हणजे तमिळनाडूच्या एमआयडीसीत. ह्युंदाईचा जुना कारखाना शेजारच्या इरुंगाट्टुकोट्टईचा. त्याच कंपनीने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतला. त्यामुळे विमानात तळेगाव-चाकणची माणसं हमखास भेटतात.

वारा पूर्वेचा असला की विमान पश्चिमेकडून उतरतं. डाव्या खिडकीतून चेंबरंबाक्कमचा तलाव दिसतो, आसपास पत्र्याच्या शेड, कंटेनरच्या रांगा. जिथं जायचंय तो भाग खालून मागे पळत असतो. एसटी असती तर कंडक्टरला बेल मारायला सांगितलं असतं! वारा पश्चिमेचा असला तर विमान थेट समुद्रावर जाऊन वळून येतं, दहाएक मिनिटं आणखी.

मग आलो तिकडेच उलट तीसेक किलोमीटर. ड्रायव्हर कधी कुंद्रत्तूरवरून काढतो, कधी पूनमल्लीवरून. ट्रेलरमागे ट्रेलर, मध्येच शिफ्टच्या बसगाड्या. ‘ट्रॅफिक, सार,’ एवढंच तो म्हणतो. तास-दीड तास सहज जातो, जवळजवळ हवेत होतो तेवढाच. घराला कुलूप लावल्यापासून कारखान्याच्या गेटवर पास हातात पडेपर्यंत सात तास धरा.

भोगीच्या दिवशी मात्र बेत करूच नये. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. तिथे पहाटे घरातलं जुनंपानं जाळतात. 2018 साली त्या धुराने धावपट्टी दिसेना, विमानं दुसरीकडे वळवावी लागली होती.

आता श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे, परंदूरला चेन्नईचा दुसरा विमानतळ करायचं घाटतंय. एकनापुरमचे गावकरी 2022 पासून जमिनी द्यायला विरोध करताहेत. आपल्याकडे पुण्याच्या नव्या विमानतळासाठी पुरंदरला तसाच विरोध झाला, एखतपूर-मुंजवडीसह सात गावांत. ज्यांची शेतं जाणार त्यांच्यापुढे माझ्या तास-दीड तासाची काय मातब्बरी! आणि दोन्ही विमानतळ झाले तरी माझा हिशेब सुधारत नाही. श्रीपेरुंबुदूर मीनंबाक्कम आणि परंदूरच्या जवळपास मधोमध आहे. वाचली तर मीनंबाक्कमच्या वाटेवरची गर्दी वाचेल, अंतर नाही. तळेगावकराला मात्र पुरंदर लोहगावपेक्षा लांबच पडणार.