आधी बचत, मग खर्च

माझे अब्बा मालेगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करत. वीज गेली की माग बंद आणि मजुरीही बंद! अम्मी दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे पैसे आधी बाजूला काढी. उरलेल्या पैशांत घर चाले. त्या बचतीतून तिने शिलाईचे यंत्र घेतले. ते पायाने चाले. म्हणून वीज गेली तरी चूल पेटे. आपाची शाळाही सुटली नाही. शिवणकामातले पैसे अम्मी पोस्टात ठेवी. दहा वर्षांनी, चाळिशीच्या आत, अब्बांनी स्वतःचे दोन जुने माग घेतले.

साठवलेला पैसा अडचण भागवतो. कामाला लावलेला पैसा कमावून देतो. यालाच गुंतवणूक म्हणतात. मुलांनो, दहा वर्षांवरील मुलांना पोस्टातले बचत खाते स्वतः चालवता येते.