पुन्हा बिगरीत बसताना

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटेच्या डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं दिसली, की ती कशासाठी पळताहेत हे विचारावं लागत नाही. १६०० मीटरची धाव, बीम, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅगवरचा तोल, यांत त्यांची दोन-दोन वर्षं जातात. ही मेहनत वाया जात नाही, पण ती सैन्यभरतीच्या एका दिवसापुरती असते. त्यानंतर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या सेंटरमध्ये प्रशिक्षणाचे जे कित्येक महिने काढायचे असतात, त्यासाठी मन कसं असावं याबद्दल मात्र पोरांना एकच शब्द ऐकवला जातो: जिगर. मला हा सल्ला अपुरा वाटतो. रंगरुटाला जिगरीपेक्षा जास्त उपयोगी पडते ती पुन्हा बिगरीत बसायची तयारी. गावच्या मैदानात पहिला येणाऱ्या पोराला चालायचं कसं, उभं राहायचं कसं, चादरीची घडी कशी घालायची हे नव्यानं शिकवलं जातं. ‘हे काय मला येत नाही?’ हा प्रश्न ज्याच्या मनातून लवकर जातो, त्याचे पुढचे महिने सोपे होतात. दम कमी असेल तर रोजची पीटी तो वाढवते. शिकायची इच्छा मात्र पीटीनं येत नाही.

ड्रिल, किट लावणं, बुटांना पॉलिश ही कामं बाहेरच्या माणसाला निरर्थक छळ वाटतात. त्यांचा उगम पाहिला तर चित्र बदलतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नासाउच्या मॉरिस या डच सेनानीनं आपल्या सैन्यात बंदूक भरण्याची क्रिया चाळीसहून अधिक हालचालींत तोडली आणि प्रत्येक हालचालीला हुकूम ठरवला. धुरात, गोंगाटात, शेजारचा माणूस पडत असतानाही हात चुकू नये, हा हेतू होता. बंदुका बदलल्या, तो हेतू राहिला. आज रायफल खोलणं-जोडणं शिकवतात तेही त्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा, अंधारातही हात चालेपर्यंत. फायरिंग रेंजवर तर हे उघडच दिसतं. नवख्याकडून तिथे आधी ग्रुपिंग मागतात: गोळ्या मध्यापासून लांब लागल्या तरी चालतील, पण एकमेकींजवळ लागल्या पाहिजेत. एकीकडे जाणाऱ्या गोळ्या साइट फिरवून मध्यावर आणता येतात. विखुरलेल्या गोळ्यांना काही इलाज नाही. प्रत्येक वेळी तोच श्वास, तीच पकड, ट्रिगरवर तोच हळू दाब. चवताळलेला रंगरूट ट्रिगर झटकतो आणि नेम जातो. सकाळच्या इन्स्पेक्शनला वळकटी त्याच जागी, त्याच घडीत लावणारा हात रेंजवर कामी येतो, असं माझं ठाम मत आहे.

कणखरपणाशिवाय फौज कशी चालेल, असं कोणी म्हणेल. चालणार नाहीच. पण कणखरपणाचा अहंकार रंगरुटाला आजारी पाडतो. नडगी दुखते, रोज थोडी जास्त दुखते, आणि पोरगा ‘मर्दानं सांगायचं नसतं’ म्हणून पळत राहतो. शेवटी हाडाला बारीक तडा जातो, आणि आठवड्याच्या विश्रांतीवर भागलं असतं तिथे महिने जातात. उन्हात चक्कर येत असताना गप्प राहणं याहून वाईट, कारण उष्माघात माणूस मारतो. थकवा सोसायचा आणि इजा सांगायची. हा फरक कळण्यासाठी स्वतःच्या शरीराकडे विद्यार्थ्यासारखं बघावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशानं माणूस हुकमाचा गुलाम होतो. इथे कायद्याचे शब्द पाहावेत. १९५०च्या आर्मी ॲक्टचं ४१वं कलम हुकूम मोडणं गुन्हा ठरवतं, पण ‘कायदेशीर’ हुकूम. म्हणजे विचार करण्याची जबाबदारी शिपायावरून उतरलेली नाही. उस्तादाची, म्हणजे शिकवणाऱ्याची, चढ्या आवाजातली फटकार चुकीवर असते. ती स्वतःच्या इभ्रतीवर न घेता चूक तेवढी उचलणं हे शहाणपणाचं काम आहे, गुलामीचं नव्हे. याच न्यायानं, जिथे उस्ताद रगड्याच्या, म्हणजे शिक्षेच्या कवायतीच्या, नावाखाली पोराचा अपमान करतो किंवा हात उगारतो, तिथे शिकवणं संपलेलं असतं, आणि त्याला परंपरा म्हणून पाठीशी घालू नये.

२०२२च्या अग्निपथ योजनेनंतर एक खरी अडचण उभी राहिली आहे. चार वर्षांच्या नोकरीनंतर साधारण चौघांतला एकच कायम होणार, मग शेजारच्या खाटेवरच्याला मदत का करायची? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तरी एवढं दिसतं की सेक्शनच्या, म्हणजे लहानशा तुकडीच्या, कामात एकाची ढिलाई सगळ्यांना भोवते, आणि दुसऱ्याला रायफल जोडून दाखवताना आपलीही जोडणी पक्की होते. भरतीपूर्व अकादम्यांनी मैदानातला एखादा तास कमी करून पोरांना दोघा-दोघांनी शिकण्याची सवय लावावी. सोबत हिंदीतले हुकूम ऐकण्याचा सराव, पोहणं, बटण लावणं, स्वतःचे कपडे धुणं हेही घ्यावं. सेंटरच्या पहिल्या पंधरवड्यात पोरं बहुतेक याच गोष्टींत अडकतात.