वाच बघू पुढं

माझ्या नोकरीच्या कागदांत ‘कन्नड लिहिता-वाचता येते’ अशी नोंद आहे. त्याचं श्रेय शाळेला जातं. खरं तर ते एका निरक्षर बाईचं, म्हणजे माझ्या आज्जीचं. स्वतःचं येणं ती कधी कुणाकडे सोडत नसे. हे एवढं मात्र राहून गेलं.

माझा जन्म रामनगरचा. सुपा मी पाहिलेलं नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं ते तालुक्याचं गाव गणेशगुडीच्या धरणामागच्या पाण्यात गेलं. धरण 101 मीटर उंच, 1987 साली पुरं झालेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, आमच्यासारखी घरं रामनगरला आली. आज्जी तेवढी सुप्यातच राहिली. बेळगाव-गोवा रस्त्यावरचा एखादा लॉरीवाला दांडेलीची वाट विचारायचा, आणि ती त्याला सुप्याच्या बाजारातून नेऊन संगमापाशी उतरवायची. मी लॉरीमागं धावत जाऊन खरी वाट सांगायचो.

उन्हाळ्यात नळावर भांडणं होत. आज्जी रांगेकडे न बघता घागर पुढं सरकवायची. ‘माझं पाणी तिकडं अडवून ठेवलंय, मी इथं रांगेत कशाला उभी राहू?’ मी कळशी घेऊन तिच्यापासून शक्य तितका लांब उभा राहायचो. धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॉटचे 2 संच आहेत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून विजेचं बिल घेऊन येणाऱ्या माणसाला ती ओट्यावर बसवून ताक द्यायची, आणि बिल मात्र हातात घ्यायची नाही. ‘गाव दिलं ते ॲडव्हान्स धर.’ वडील दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन पैसे भरत. तिला वाटे, सरकारला पटलं.

तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात भूसंपादनाच्या नोटिसा, उतारे, पावत्या, कोर्टाचे कागद. तिला अक्षर येत नव्हतं, तरी प्रत्येक कागद ती ओळखायची: हा तेलाच्या डागाचा, हा उंदरानं कोपरा खाल्लेला, हा जांभळ्या शिक्क्याचा. पावसाची झड लागली की डबा उघडायचा आणि मला समोर बसवायचं. घरात मराठी, शेजारी कोकणी, शाळाही मराठी. कागद मात्र सगळे कन्नड. शाळेत विषय म्हणून शिकलेली कन्नड अक्षरं जुळवत मी वाचायचो. अर्थ मला कळत नव्हता, तिला बराचसा कळायचा. अडखळलो की भाजलेली काजूबी डब्याच्या झाकणावरून परत तिच्या पदरात जायची.

तेच कागद, तीच वाक्यं. मला कंटाळा यायचा आणि मी मधल्या दोन ओळी उडवायचो. ती डोळे मिटून बसलेली असायची. ‘मधलं गिळलंस काय रे? शानभोगाची सही कुठं गेली? वाच बघू पुढं, पहिल्यापासनं.’ ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. मला वाटायचं, म्हातारीला तेच तेच ऐकायचा नाद आहे. पैसे वाढवून मिळतील ही आशा वडिलांनी केव्हाच सोडली होती. तिनंही सोडली असावी, पण डबा मिटला नाही.

चतुःसीमा आल्या की मात्र वाचन थांबायचं. कागदात ‘पूर्वेस नदी, पश्चिमेस रस्ता’ एवढंच असे. नदीला कुठल्या दगडावरून उतरायचं, रस्त्याच्या कडेचा फणस कापा की बरका, शेजारणीनं बांध किती वीत सरकवला होता, हे आज्जी भरायची. त्या शेजारणीचं घरही पाण्याखालीच होतं, तरी बांधाचं भांडण आज्जीनं मिटवलं नव्हतं. न पाहिलेल्या गावात डोळे बांधून फिरता येईल इतकं सुपा मला त्यातून मिळालं. ते मला मिळत होतं, हे कळायला फार वर्षं गेली.

दहावीला कन्नडच्या परीक्षेत ‘माझं गाव’ हा निबंध आला. मी गावाच्या चतुःसीमा दिल्या, सर्व्हे नंबर घातले, आणि शेवटी ‘याउपर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही’ असं लिहिलं. मला दुसरं कन्नड येतच नव्हतं. पेपर तपासणारा हसला असेल किंवा घाबरला असेल. मी पास झालो. आज्जीला सांगितलं, तर तिचा प्रश्न एकच: ‘शेजारणीचा बांध लिहिलास काय?’

पुढं एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. तिथं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या आज्जीसारख्याच, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेल्या. सुरुवातीला मीही इतरांसारखा कागदावर नजर टाकून ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायचो. आज्जी गेली त्या वर्षी डबा माझ्याकडे आला. नंतर कधीतरी मी त्या बायांना कागद मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, ओळीखाली बोट ठेवून, पहिल्यापासून. माझ्या टेबलापुढं रांग वाढते आणि सहकारी वैतागतात. त्यांचंही चुकत नाही, जेवणाची सुट्टी त्यात जाते.

मागच्या पावसाळ्यात जोयड्याकडची एक म्हातारी आली. जेवायची वेळ झाली होती, मी जरा घाईनं वाचत होतो. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, माझ्या दिराचं नाव येतं मध्ये. ते तू गाळलंस.’ तिला वाचता येत नव्हतं. कागद बघितला, तर दिराचं नाव होतं.