वाचून दाखवणे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरात कसलाही सरकारी कागद आला, की तो माझ्या हाती येतो. वडील वारल्यावर सातबाऱ्याला आईचे नाव लागले. संगणकावरचा उतारा मिळाला, तेव्हा मी तो ऐटीत मनातल्या मनात वाचला आणि पेटीत ठेवून दिला. पुढे पीककर्जाच्या वेळी कळले, की ‘चंद्रकला’चे ‘चंद्रकांत’ झाले आहे! दोन अक्षरांचा घोटाळा. पण कर्ज अडले आणि त्या साली आई पुन्हा कोयता घेऊन उसाच्या फडावर गेली.

दिवाळीत मामेभाऊ पाटोद्याला आला. तो पुण्यात प्रोग्रॅमर आहे. वेब ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक दुभाषी लायब्ररी असते, असे त्याने सांगितले. जावात ‘हायबरनेट’ हे काम करते. २०१७ साली ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले. पण ‘जावाएक्स’ हे नाव पुढे चालवण्याबाबत उभयतांत एकमत झाले नाही. भावकीतल्या वाटणीसारखेच हे! अखेर २०२० मध्ये ‘जावाएक्स’चे ‘जकार्ता’ झाले आणि जगभरचे प्रोग्रॅम बदलणे आले.

“एवढं सगळं हातानं बदललं?”

“छे! ओपनरीराइटसारखी साधनं आहेत. नियम दिले, की हजारो ओळी ती आपणच बदलतात.”

“मग दादा, तू काय करतोस?”

तो हसला. “वाचतो. ‘जावाएक्स.पर्सिस्टन्स’चं नाव बदलायचं, पण ‘जावाएक्स.एसक्यूएल’ मूळ जावाचं, त्याला हात लावायचा नाही. सरसकट बदललं तर प्रोग्रॅम उभाच राहत नाही. शिवाय नाव बरोबर असूनही वागणं बदललेलं असतं. ते चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही.”

मी खाली मान घातली. यंत्राला किंवा लिहिणाऱ्याला दोष देणे सोपे होते. वाचायला शिकलेला मी घरातच होतो. मी काय वाचले?

दुसऱ्या दिवशी जुना हस्तलिखित फेरफार शोधून काढला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातील चुकीची दुरुस्ती होते. तसा अर्ज मी स्वतः लिहिला.

नवा उतारा आला, तेव्हा आई पाचटाने चिरलेले बोट कागदावर ठेवून म्हणाली, “कुठं हाय रं माझं नाव?”

या वेळी मी मोठ्याने वाचले.