सहा इंच लांब पाटा

पाटा म्हटला कीं आमच्या भगिनीवर्गाच्या डोळ्यांपुढें वरवंटा उभा राहील. प्रस्तुतचा पाटा तो नव्हे. मोटारीचा सांगाडा आणि चाकांचा आंस यांच्यामध्यें पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तिला कारागीर लोक पाटा म्हणतात. जन्मभर शब्दरूपें घोकवून घेतलेल्या सेवानिवृत्त शिक्षकानें या विषयावर लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या पाट्यानें आम्हांस जो पाठ दिला, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमची वडिलोपार्जित वाडी कोंकणांत आहे. तेथील अखेरचे दोन किलोमीटर म्हणजे जांभ्या दगडाची चढण, आणि दर पावसाळ्यानंतर तिच्यांत पडलेल्या घळी. चिरंजिवांनीं एक जुनी जीप घेतली आहे, तेवढीच काय ती वरपर्यंत जाते; पण बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं करून. सौभाग्यवतींना पाठीच्या मणक्याचें दुखणें जडल्यापासून त्यांनीं वाडीचें नांव टाकलें. ज्या घरीं त्या सून म्हणून आल्या, तें घर त्यांनीं दोन वर्षें पाहिलें नव्हतें.

एके दिवशीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढचे पाटे सहा इंचांनीं लांब घालतों. आईला गाडींत बसवतां येईल."

आम्हीं तत्काळ विरोध केला. कमान आखूड तितकी बळकट, लांब केली कीं ती कमकुवत होणार, असा आमचा पक्ष. चिरंजिवांनीं कागदच पुढें ठेवला. या सर्व गाड्यांची मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप. 1947 मध्यें महिंद्र कंपनीनें ती भारतांत आणली व पुढें तिची जुळणी येथेंच होऊं लागली. त्या जीपचा मागचा पाटा 42 इंचांचा, पुढचा मात्र अवघा 36¼ इंचांचा. आमच्या गाडीचें मापही तेंच. म्हणजे एंजिनाचें ओझें ज्या बाजूला, तिकडेच पाटा आखूड आणि म्हणून ताठ!

आम्ही पेन्सिल घेऊन बसलों. पट्ट्यांची जाडी, रुंदी व संख्या तीच ठेविली, तर कमानीचें लवणें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें, असा नियम आहे. लीलावतींतील घन येथें उपयोगीं पडेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. सोयीसाठीं 36 आणि 42 घेतले, तर प्रमाण 6 आणि 7 यांचें. सहाचा घन 216, साताचा 343. जें ओझें पूर्वीं कमानीला एक इंच लववी, तें आतां सुमारें 1.6 इंच लववणार. आमची शंकाही अगदींच खोटी नव्हती. कारण लांबीबरोबर पट्ट्यांवरचा ताणही एकषष्ठांशानें वाढतो. म्हणून मिस्त्रींनीं आठांच्या जागीं नऊ पट्ट्या घालावयाचें ठरविलें. तेवढ्यानें ताण जवळजवळ पूर्ववत् होतो आणि लवणें तरीही जवळजवळ 1.4 पट राहतें. जाड पट्ट्या घालून हें साधलें नसतें. जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो.

दुसरी गोष्ट चापाची आणि जीवेची. ओझें पडून कमान सपाट होते, तेव्हां चापाची लांबी तीच राहते, पण जीवा वाढते. वाढत्या जीवेला वाव हवा, म्हणून पाट्याचें एक टोक सांगाड्याला पक्कें आणि दुसरें शॅकल नांवाच्या झुलत्या कडीला टांगलेलें असतें. जुन्या जीपमध्यें ही कडी पुढच्या टोकाला आहे. त्यामुळें चाक धोंड्यावर चढूं लागलें कीं आंस किंचित् पुढें, म्हणजे धोंड्याच्याच अंगावर सरकतो. लांब व सपाट पाट्याची जीवा तेवढ्याच चढाला कमी बदलते, म्हणून ही झोंबी सौम्य होते. एवढें ध्यानीं आल्यावर आमचा विरोध मावळला. इतकेंच नव्हे, तर उत्साह चिरंजिवांहून अधिक झाला.

नोंदणीच्या कागदांशीं न जुळणारा फेरफार 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमास चालत नाहीं. तेव्हां चिरंजीव आधीं परिवहन कचेरींत विचारून आले. मग काम सुरू झालें. सांगाड्यावरचे टेकू पुढें-मागें तीन तीन इंच सरकविले, म्हणजे आंस जागच्या जागीं राहिला. शॉक अब्सॉर्बरही लांब घातले. इकडे आम्हीं पंचांग उघडून त्रिपुरी पौर्णिमेला वाडीवर दिवे लावण्याचा बेत ठरविला, आणि मिस्त्रींस बजावलें, "उद्यां सकाळीं गाडी पाहिजेच."

ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं एका बाजूचें पुढचें चाक दगडांच्या चवडीवर चढविलें. दुसरें चाक खालीं लोंबूं लागलें. पूर्वीं कधीं गेलें नव्हतें इतकें खालीं गेलें. आम्ही कौतुकानें पाहत होतों.

"मास्तर, जरा वाका आणि ही नळी बघा."

सांगाड्यापासून आंसाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी वीणेच्या तारेसारखी ताणली होती. आमच्या जुन्या गाडींत चारही चाकांच्या ब्रेकांना तेलाचा मार्ग एकच आहे. ती नळी तुटली असती, तर पायाखालचा ब्रेक चारही चाकांपुरता गेला असता. आणि तोही त्या उतारावर, गाडींत सौभाग्यवती असतांना. आम्हीं घन काढला, ताण काढला, चाप आणि जीवा काढल्या. नळी आमच्या कोणत्याच सूत्रांत नव्हती.

"दोन दिवस थांबा," मिस्त्री म्हणाले. आम्ही थांबलों. लांब नळ्या आल्या. पुढच्या चाकांना शक्ति पोंचविणारा दांडा आपल्या सरकत्या सांध्यांतून निसटत तर नाहीं ना, तें पाहिलें. आंसाचा कल बिघडूं नये म्हणून पाट्याखालीं पाचरी बसल्या. सुकाणूचा दांडा चाकाच्या चढउतारानें स्टिअरिंग ओढीत नाहीं, याची खात्री झाली. पाटा एक बदलला, पण त्याच्याशीं बांधलेलें सारें पुन्हां मोजावें लागलें.

पौर्णिमा टळून गेल्यावर आम्ही निघालों. चढण संपली तेव्हां सौभाग्यवतींनीं विचारलें, "आलें का घर?" आणि कोणाचा हात न धरतां त्या खालीं उतरल्या. तुळशीपुढें त्यांनीं त्या संध्याकाळीं पणत्या लावल्या. तिथि कोणती, हें कोणी विचारलें नाहीं.

ज्यांना असें काम करावयाचें असेल, त्यांनीं चाक पुरतें लोंबवून प्रत्येक नळी आणि तार हातानें चाचपावी, मगच रस्ता धरावा. आम्ही मात्र त्या दिवसापासून कोणाही कारागिराला "उद्यां सकाळीं पाहिजेच" असें म्हणण्यापूर्वीं दोनदां विचार करतों.