ब्लूटूथवरचा आळ

कराड,
१४ डिसेंबर

चि. बापूस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मला एवढंच कळलं, की काहीतरी बिघडलंय. "मामा... गाणं... इंजिन... शिट्टी..." आणि पुढं नुसती घरघर. मी "मोठ्यानं बोल" म्हणालो, तर घरघरच मोठी झाली. शेवटी तू मेसेज टाकलास : टेपचं ब्लूटूथ गेलंय, नवीन घेऊ का. तेवढ्याला मी हे लांबलचक उत्तर लिहितोय, कारण फोनवर सांगायला गेलो असतो तर अर्धं तुझ्या हार्वेस्टरच्या पंख्यानं खाल्लं असतं. रविवारी आपला मुकादम तुमच्या फडाकडं निघालाय, त्याच्या हाती देतो.

नवीन टेप घेऊ नकोस. (कॅसेटी जाऊन जमाना झाला तरी मी टेपच म्हणणार, हसायचं असेल तर हस.) माझं दुकान होतं तेव्हा ट्रॅक्टरवाले यायचे ते निदान बरोबर घेऊनच यायचे. "मिस्त्री, ब्लूटूथ गेलं." उघडून बघावं तर कुठं अर्थची वायर सुटलेली, कुठं उंदरानं वायर खाल्लेली, कुठं मालकाच्याच फोननं बॅटरी वाचवायला गाणं बंद केलेलं. आळ मात्र ब्लूटूथवर. घरात एखादी वस्तू हरवली की नव्या सुनेकडं बघतात ना, तसली गत. सगळ्यात शेवटी आलेलं यंत्र, म्हणून सगळ्यात आधी संशय त्याच्यावर.

तू घाईघाईत जे सांगितलंस ते मी जुळवून बघितलं. तुझ्या तक्रारी तीन आहेत. गाणं मधेच थांबतं. इंजिन वाढवलं की स्पीकरमधून शिट्टी येते. आणि सेल मारला की टेप सगळं विसरतो, घड्याळसुद्धा. बापू, हे तीन वेगळे आजार आहेत. ब्लूटूथचा संबंध आला तर पहिल्याशी, बाकीच्या दोघांशी त्याचं देणंघेणं नाही.

आधी हे ब्लूटूथ काय आहे ते ऐक, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव 'निळा दात'. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि फोन-संगणकांना बिनतारी जोडणाऱ्या या युक्तीला त्याचं नाव राहिलं. त्यानं माणसं एकत्र आणली, यानं यंत्रं आणावीत, असा हिशेब. ब्लूटूथची ताकद किती? साधारण अडीच मिलिवॅट. तुझ्या कामाच्या एका दिव्याला जेवढी वीज लागते, तिच्या हजारो पटींनी कमी. तेवढ्यावर ते दहाएक मीटर पोचतं, आणि तेही गर्दीतून. ज्या लहरींवर ते चालतं त्याच पट्ट्यात वायफाय आहे, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथंच. मग ते करतं काय, तर एका जागी थांबतच नाही. त्या पट्ट्याचे ७९ भाग करून सेकंदाला १६०० वेळा इकडून तिकडं उड्या मारतं. एखाद्या जागी गोंगाट असला तर ती जागा टाळून पुढं जातं, हे शहाणपण त्याला २००३ सालापासून आलं. उड्या मारायची कल्पना त्याहून जुनी. १९४२ मध्ये हेडी लमार नावाच्या हॉलिवूडच्या नटीनं आणि जॉर्ज अँथील नावाच्या संगीतकारानं तिचं पेटंट घेतलं होतं. पाणतीराला पाठवलेला बिनतारी हुकूम शत्रूला बिघडवता येऊ नये, म्हणून तो ८८ ठिकाणी उड्या मारत जाणार. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच. लढाईच्या धामधुमीत टिकायला शोधलेली युक्ती तुझ्या फडातल्या धुळीला भिऊन बंद पडेल, असं मला वाटत नाही.

आता पहिला आजार. गाणं थांबतं हे खरं, पण कधी थांबतं? हे तू सांगितलं नाहीस, कारण बघितलं नाहीस. इंजिन बंद ठेव, चावी फक्त ऑन कर, फोन डॅशबोर्डवर समोर ठेव आणि दहा मिनिटं गाणं लाव. नीट चाललं तर टेप आणि फोन दोघं निर्दोष. मग फोन खिशात घालून बस. आपलं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि ही लहर पाण्यात मुरते. मागच्या खिशात फोन ठेवून त्याच्यावर बसलास, तर गाण्याला तुझ्यातूनच वाट काढावी लागते. पत्र्याच्या खोक्यात ठेवलास तर वाटच नाही. आणि केबिनच्या पत्र्यावर, काचेवर आपटून ही लहर स्वतःलाच आडवी येते. तिची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, अर्ध्या वितीएवढी. म्हणून कधी कधी फोन चार बोटं सरकवला तरी काम भागतं. लोक त्याला नशीब म्हणतात.

पण माझा संशय वेगळाच आहे. फोनवर मधेच तू म्हणालास, "आत्ताच थांबलं, भरायला इनफिल्डर आलाय." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या इनफिल्डरच्या, म्हणजे ऊस भरून नेणाऱ्या गाडीच्या, ड्रायव्हरनं कधी तुझ्या टेपला आपला फोन जोडला होता का? काही टेपना एका वेळी दोन फोन धरायची सवय असते. तो शेजारी आला की त्याचा खिशातला फोन गुपचूप जोडला जातो, त्याच्यावर मेसेज वाजला की तुझं गाणं थांबतं. तो गेला की पुन्हा सुरळीत. तू मात्र टेपला शिव्या घालत बसतोस. टेपमधली जोडलेल्या फोनांची यादी काढ आणि सगळे पुसून टाक. तुझ्या फोनमधूनही टेपचं नाव पुसून टाक. दोन्हीकडून पुसायचं, हे विसरू नकोस. दोघांनी एकमेकांची खूण जपून ठेवलेली असते. एकीकडंच पुसलं तर दुसरा जुनीच खूण दाखवत राहतो आणि जोडणी होत नाही. मग नव्यानं जोड, आणि फोनच्या सेटिंगमध्ये गाण्याच्या ॲपला बॅटरी बचतीतून सूट दे.

दुसरा आजार शिट्टीचा. इंजिनाबरोबर तिचा सूर चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची आहे, आणि ती येते ती वायरीतून. दोषी बहुतेक वेळा अर्थ. टेपचा अर्थ केबिनच्या रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूनं आवळून दिलेला असतो. रंग म्हणजे इन्सुलेशन, त्यावर हंगामभराची धूळ आणि हादरे. मीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टेपच्या बॉडीला लाव. इंजिन चालू, आवाज मोठा. पाव व्होल्टाच्या वर काही दिसलं तर अर्थ खराब, म्हणून समज. तो स्क्रू काढ, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घास, नवीन लग बसव, दातेरी वॉशर घाल, घट्ट आवळ आणि वरून थोडं ग्रीस लाव. खर्च वडापावाएवढा.

तरी शिट्टी राहिली तर आणखी एक बघ. तुझ्या मशीनला दोन बॅटऱ्या आहेत. त्या एकीमागे एक जोडल्यात की शेजारीशेजारी, हे मीटरनंच ठरव. एकीमागे एक असतील तर २४ व्होल्ट, शेजारीशेजारी असतील तर १२च. २४ असेल आणि कुणा हुशारानं १२ च्या टेपला मधल्या जोडावरून वायर ओढली असेल, तर आजच काढ. त्यात एकच बॅटरी राबते, दुसरी चार्ज खाऊन सुजते आणि हंगामाच्या मध्यावर दोन्ही जातात. त्याला कन्व्हर्टरच हवा, आणि तोही बरा. स्वस्तातला कन्व्हर्टर स्वतःच शिट्टी मारतो. तसंच, रात्रीचे एलईडी दिवे लावल्यावर एफएमवर खरखर येते का ते बघ. येत असेल तर आकाशवाणीचा काही दोष नाही, दिव्याच्या आतलं स्वस्त सर्किट गोंगाट करतंय. ब्लूटूथवरचं गाणं मात्र तेव्हाही बहुधा स्वच्छ येईल. बघ, ज्याच्यावर आळ तोच शहाण्यासारखा वागतोय.

तिसरा आजार सोपा. टेपला दोन प्लस लागतात. लाल वायर चावीवरची आणि पिवळी थेट बॅटरीवरची. पिवळीच्या जिवावर त्याची आठवण टिकते. मिस्त्रीनं दोन्ही एकत्र पिळून चावीवर दिल्या असतील, तर चावी बंद केली की त्याची स्मृती जाते. सेल मारतानाच जात असेल, तर त्या क्षणी बॅटरी किती खाली बसते ते मीटरवर बघ. चांगली बॅटरी सेल मारतानाही बऱ्यापैकी धरून राहते. १२ व्होल्टची बॅटरी ९ च्या खाली गेली तर तिचे टर्मिनल साफ कर, नाही तर तिचं वय विचार. आणि पावसाळाभर मशीन शेडमध्ये उभं होतं, तेव्हा सीटच्या मागं उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं का, तेही टॉर्च मारून बघ.

आता ज्यासाठी हे पत्र हातानं लिहायला बसलो, ते सांगतो. ही गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

दुकान बंद करायच्या आदल्या वर्षी एका हार्वेस्टरमध्ये टेप बसवायला मला फडात बोलावलं होतं. चाळीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रक, जीपा केलेला माणूस मी, गुर्मी होतीच. डॅशच्या खाली हात घातला, पिवळी वायर हाताला लागली. पिवळी म्हणजे बॅटरी, हे मला झोपेतही ठाऊक. सोलली आणि टेपची पिवळी तिला पिळली. टेप लागलाच नाही, पण स्क्रीनवर एकामागून एक लाल खुणा उगवायला लागल्या. ती पिवळी एका हिरव्या वायरीबरोबर पीळ घालून चालली होती, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण बघून न बघितल्यासारखं केलं. अवजड मशीनमध्ये ती पिवळी-हिरवी जोडी म्हणजे मशीनच्या आतल्या कंट्रोलरांची एकमेकांशी बोलायची वाट. इंजिन, हायड्रॉलिक, स्क्रीन, सगळे तिच्यावर बोलतात. मी त्यांच्या बोलण्यात खिळा ठोकला होता.

मशीन चार तास उभं राहिलं. ट्रॉल्यांची रांग लागली, कारखान्याचे फोन सुरू झाले. शेवटी एक तरुण पोरगा आला, तुझ्याच वयाचा. त्यानं काही सोललं नाही, काही कापलं नाही. चावी बंद केली, त्या दोन वायरींमध्ये मीटर लावला आणि आकडा बघत बसला. वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मध्ये ६० दिसायला हवेत. दिसले नाहीत. त्यानं माझा जोड हुडकून सोडवला, मग ६० दिसले आणि मशीन उठलं. मला तो एक शब्द बोलला नाही. फक्त जाताना म्हणाला, "काका, रंग बघू नका, मीटर बघा." रात्रभर मला झोप आली नाही. रंग तोच, पण इथं त्याचा अर्थ दुसरा, आणि मी न विचारता माझाच अर्थ त्याच्यावर लादला.

म्हणून टेपसाठी प्लस घ्यायचा तो फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या जागेवरून, स्वतंत्र फ्यूज घालून. पिळलेल्या जोडीला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर लिहून ठेवायची. तीन गोष्टी एकदम केल्यास तर बरं कशानं झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

टेप दुरुस्त झाला की आवाज मात्र बेतानं ठेव. रात्री दोन वाजता पाचटाच्या धुरळ्यात एकटा बसलेल्या माणसाला गाण्याची सोबत लागते, हे मला कळतं. मी म्हातारा असलो तरी तेवढा कोरडा नाही. पण बेअरिंग ओरडायला लागलं, पट्टा घसरला, खालून कुणी हाक मारली, तर तेही तुला ऐकू यायला हवं.

राहिला फोन. तुझी आई परवा म्हणाली, "दादा, पोरगं फोन करतं, पण बोलतं ते मशीनच." गाणं स्वच्छ येतं आणि बोलणं फाटतं, याचं कारण टेपचा माईक. तो टेपच्याच तोंडावर टाचणीएवढ्या भोकात आहे आणि एसीचा झोत बरोबर त्याच्यावर येतो. तुला आमचं ऐकू येतं, आम्हाला मात्र एसीचं ऐकू येतं. बाहेरून लावायचा माईक मिळतो, तो डोक्यावरच्या झडपेला अडकव. तोवर असं कर : ट्रॉली बदलेपर्यंत मशीन उभंच असतं, तेव्हा एसी बंद कर, ब्लूटूथ तोड आणि फोन सरळ कानाला लावून तिच्याशी बोल. दोन मिनिटं पुरेत.

कळावे,
तुझा
मामा

ता. क. : मुकादमाकडं निळ्या पिशवीत माझा मीटर दिलाय. आतला नऊ व्होल्टचा सेल कालच बदललाय. लाल टोकाची वायर जरा ढिली आहे, सांभाळून वापर. परत करायची घाई नाही.