परतीचा पुरावा

मुंबई पाहायची म्हणून मुंबईला जाणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. कुणी दवाखान्याच्या निमित्ताने जातो, कुणी कोर्टाच्या, कुणी लग्नाच्या. आणि अलीकडे आमच्या सोलापूरसारख्या गावातून बरीच माणसे जातात ती व्हिसाच्या निमित्ताने. मुले परदेशी स्थायिक होतात आणि मग एके दिवशी आईबापांना एका परक्या सरकारपुढे उभे राहून आपण कोण, कुठले आणि कशासाठी निघालो, हे सांगावे लागते.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या आईवर ही पाळी आली. वय एकाहत्तर. धाकटी बहीण न्यू जर्सीत. श्रावणात तिचे पहिले बाळंतपण. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. बहिणीने फोनवर “आई, तू आलीस की मग बघू, राहा हवी तितके दिवस,” असे म्हटले, तेव्हा आई हसली आणि मी मात्र उगाच वर्तमानपत्र उलगडले.

जुन्या मराठीत प्रवासाच्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. हे दस्तक मिळवण्यात एक गंमत आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, तात्पुरत्या भेटीला येणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. म्हणजे जाण्याचे कारण सांगून भागत नाही, परत येण्याचा पुरावा द्यावा लागतो. मी घराचा उतारा, पेन्शनची कागदपत्रे, बँकेचे पुस्तक अशी जाडजूड फाईल केली होती. आई म्हणाली, “अरे, एवढं सगळं दाखवायचं तर मी जाते तरी कशाला?”

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने 1878 ते 1888 अशी दहा वर्षे खपून बांधलेली ही इमारत आईने लहानपणी पाहिली होती. तेव्हा घुमटापेक्षा बाहेरच्या भेळेकडेच लक्ष होते, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. दादरला मामेभावाकडे सामान टाकले, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्याचे काम दुपारपर्यंत आटोपले. मुलाखत दुसऱ्या दिवशी. मधली दुपार आणि संध्याकाळ आमची होती.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025पासून पूर्ण धावू लागली आहे. तिने आम्ही हुतात्मा चौकात वर आलो. 1864चे ते कारंजे आणि त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. 21 नोव्हेंबर 1955 रोजी इथे गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 106 हुतात्मे झाले असे आपण म्हणतो. आई थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “घरी सगळ्यांनी येतो म्हणूनच सांगितलं असेल, नाही का रे?”

मी वर्गात भाषा शिकवतो, पण हा शब्द मला त्या चौकात नव्याने ऐकू आला. आपल्याकडे उंबरठा ओलांडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. म्हटलेच तर घरातले वडीलधारे दटावतात, ‘येतो म्हणावं!’

त्या शब्दाच्या नादात मग सारे कोटच तसे दिसू लागले. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या 30 पायऱ्यांपैकी आईने चार चढल्या आणि सावलीत बसली. ही इमारत 1833 साली पुरी झाली. आतल्या संग्रहात दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित आहे. हा कवी 1302 साली फ्लॉरेन्समधून हद्दपार झाला तो पुन्हा कधी आपल्या गावी गेला नाही.

गेटवेवर उन्हे कलली होती. 9 जानेवारी 1915 रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील वर्षे मागे टाकून अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा ही कमान पुरी व्हायची होती. ती झाली 1924 साली. ज्यांनी ती बांधली, त्यांची शेवटची पलटण 28 फेब्रुवारी 1948 रोजी तिच्यातूनच निघून गेली. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईहूनच बोटीने अमेरिकेला गेले आणि 1917 साली परत आले. त्यांचे ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते, ते युद्धात समुद्रात गेले. आईला मी हे सांगत होतो. ती म्हणाली, “माणूस आला ना? मग झालं.”

दुसऱ्या दिवशी बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत ती एकटी गेली. सोबत्याला आत सोडत नाहीत, मोबाईलही नेता येत नाही. रस्त्यापलीकडे माझ्यासारखी दहा-पंधरा माणसे झाडाखाली उभी होती. प्रत्येकाच्या हातात कुणाची तरी पर्स नाहीतर फोन होता. तिथे मला जाणवले की मी एकाच वेळी दोन गोष्टी मागतो आहे: आईला व्हिसा मिळावा, आणि आईने परत यावे. बहिणीपुढे हे बोलण्याची सोय नव्हती.

दीड तासाने आई आली. फाईल उघडलेलीच नव्हती. काचेपलीकडच्या बाईने दुभाष्याकरवी मराठीत विचारले, परत कधी येणार? आई म्हणाली, “गड्ड्याच्या आत.” गड्डा म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. मग आईने संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, मिरवणुकीतल्या काठ्या, दारावरून जाताना त्यांना घालायचा हार, सगळे सांगितले म्हणे. बाईने पासपोर्ट ठेवून घेतला आणि मंजूर म्हणून सांगितले.

आषाढात आई गेली. दारातून ‘येते हं’ म्हणाली. भाचीचे बारसे झाले, फोनवर तिचे रडणे रोज ऐकतो. बहीण अधूनमधून म्हणते, आईला इथे छान करमते आहे. मी बरे म्हणतो.

परवा मात्र आईने स्वतःहून सांगितले, “भोगीचे तीळ आत्ताच घेऊन ठेवू नकोस. मी आल्यावर बघून घेईन.”